दिवा कोणी लावला?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. पण आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, आणि गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक इंग्रजीत! तेव्हा हे काम आपसूकच माझ्या वाट्याला आले.

बाबांनी कर्ज काढून पुण्याहून २०१४ सालची जुनी पेट्रोल गाडी आणली. बिलोलीहून नांदेड, देगलूर आणि सीमेपलीकडचे बोधन अशी भाडी ते मारतात. गेल्या पावसाळ्यात इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तो विझेना. एका शहरातल्या गॅरेजात तपासणीचे यंत्र लावले. यंत्राने सांगितले, ‘कोड नाही.’ तरी ‘बहुतेक ऑक्सिजन सेन्सर असेल’ म्हणून त्यांनी तो बदलला. ४,८०० रुपये गेले. त्यात माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे होते. बोधनहून परत येताना दिवा पुन्हा हजर.

हा दिवा आणि कोड ही काय भानगड आहे? इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो, त्याला ई.सी.यू. म्हणतात. धुरातले प्रदूषण वाढेल असा बिघाड आढळला की तो दिवा लावतो आणि बिघाडाचा क्रमांक टिपून ठेवतो. उदाहरणार्थ, पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधले ज्वलन चुकते आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे बी.एस.-४ मोटारींना ती एप्रिल २०१३ पासून पूर्ण स्वरूपात लागू झाली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात यंत्र खुपसून हे क्रमांक वाचतात.

आता यातली गंमत पाहा. पुष्कळसे बिघाड एकदा दिसले तर संगणक त्यांची कच्ची नोंद करतो. पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लावतो. नंतर सलग तीन फेऱ्या बिघाड दिसला नाही तर दिवा विझतो, पण कोड मात्र साधारण इंजिन चाळीस वेळा तापून थंड होईपर्यंत राहतो. म्हणजे कोड आहे आणि दिवा नाही, हे समजण्यासारखे. दिवा आहे आणि कोड नाही, हे उफराटे. मला तर इतिहासाच्या तासाची आठवण झाली. हुकूम अमलात आला, पण दप्तरात नोंद नाही. मग हुकूम दिला कोणी?

आमच्या गावचे मिस्त्री, ज्यांना मी चाचा म्हणते, ते शाळेत फारसे गेलेले नाहीत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “बेटी, मशीन ‘नै’ बोल री, या बातच नै कर री?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. यंत्राची गाठ संगणकाशी पडलीच नाही, तरी काही स्वस्त यंत्रे ‘कोड नाही’ असेच दाखवतात. म्हणून आधी इंजिनाचे फेरे आणि पाण्याचे तापमान पडद्यावर हलताना दिसते का ते पाहावे. मामेभावाचे मोबाईलला जोडायचे यंत्र आम्ही लावले. आकडे हलत होते. पक्क्या नोंदी नव्हत्या, कच्च्याही नव्हत्या. कंपनीचे स्वतःचे काही कोड साध्या यंत्राला वाचता येत नाहीत, हीही शंका होती. पण त्याच यंत्रात आणखी एक ओळ असते: संगणकाने दिवा लावण्याचा हुकूम दिला आहे की नाही. तिथे होते, ‘नाही’. आणि समोर दिवा ढळढळीत लागलेला!

आमच्यासारख्या काही गाड्यांत दिव्याला एका बाजूने वीज कायम मिळते. संगणक दुसऱ्या बाजूची वायर गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे अर्थशी, जोडतो तेव्हा दिवा लागतो. ती वायर वाटेत कुठे सोलून पत्र्याला टेकली, तर संगणकाला न विचारता दिवा लागणारच. चाचांनी बॅटरीची ऋण तार काढली, संगणकाचा प्लग उपसला, तार पुन्हा जोडली आणि चावी फिरवली. संगणक अलग, तरी दिवा चालूच. (नव्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही. तिथे संगणक आणि डॅशबोर्ड एकमेकांना निरोप पाठवतात, आणि निरोप बंद झाला तर डॅशबोर्ड स्वतःहूनच दिवा लावू शकतो.)

मग दोन तास वायरींचा जुडगा तपासण्यात गेले. डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून तो इंजिनाकडे जातो, तिथल्या भोकाचे रबर झडले होते. खड्ड्यांतून आदळून एका वायरीचे आवरण घासले होते, तांबे उघडे. चाचांनी टेप गुंडाळली, नवे रबर बसवले. दीडशे रुपये घेतले.

एक सांगायचे राहिले. तेलाच्या किटलीचा लाल दिवा निराळा. बऱ्याच गाड्यांत तो थेट तेलाच्या दाबाच्या स्विचवरून लागतो, त्याला कोड नसतोच. तो लागला तर यंत्र शोधत बसू नये, इंजिन तिथल्या तिथे बंद करावे. पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर ज्वलन चुकते आहे असे समजून गाडी पळवू नये.

फी मी विलंबशुल्कासह भरली. काढून टाकलेला जुना सेन्सर घरी देवळीत ठेवला आहे. चाचांनी तो मीटरवर तपासून पाहिला होता. ते म्हणाले, त्याला काहीच झाले नव्हते.