देशी संशोधनपद्धतीचे मोल : किल्लारी भूकंपाच्या निमित्ताने

सामाजिक शास्त्रांतील देशी संशोधनपद्धती म्हणजे परकीय प्रश्नावलीचे मराठी भाषांतर नव्हे. ज्या समाजाचा अभ्यास करावयाचा, तो आपले जीवन कोणत्या शब्दांत विभागतो हे आधी जाणून मग प्रश्न रचणे, हे तिचे मर्म होय. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ ह्यांनी १९९९ साली आपल्या ग्रंथाद्वारे हा विचार जगापुढे ठेवला. आपल्या विभागात त्याची निकड त्यापूर्वीच जाणवली होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांतील घरांची वर्गवारी जमीनधारणेवरून झाली : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकांस २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिक असल्यास ७५०. प्रशासनास ही विभागणी सोयीची होती. परंतु गावकऱ्याच्या लेखी ओसरी, अंगण, गोठा आणि भिंतीला भिंत लागून असलेली भावकी मिळून घर होते. सरळ रेषांत आखलेल्या अनेक गावांत ही भावकी विखुरली. जी गोष्ट तक्त्यात नसते, ती आराखड्यातही येत नाही.

अशा ठिकाणी वृद्धांसमवेत जुन्या गावठाणातून फिरून घरांचा नकाशा काढणे, पारावरील संभाषण टिपणे, जात्यावरील ओव्या संग्रहित करणे, ही साधने उपयोगी पडतात. गी पॉइतव्हँ व हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. प्रश्न विचारून जे क्वचितच हाती लागते, ते स्त्रियांचे श्रम, माहेर व दुःख ह्यांविषयीचे मनोगत त्यांत आढळते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. गावाचे ज्ञान एकजिनसी नसते. पारावर जो बोलतो तोच गाव नव्हे. ज्यास जुन्या गावात वेशीबाहेर राहावे लागले, त्यास त्या रचनेची हळहळ वाटेलच असे नाही; भूमिहीनास मिळालेल्या पक्क्या घराचे मोल तोच सांगू शकेल. म्हणून देशी ते सर्व ग्राह्य, असे मानणे हाही भ्रमच होय. एकाच प्रश्नाची वाड्यातील, वस्तीतील व चुलीजवळील उत्तरे शेजारी शेजारी मांडून ती आकड्यांशी ताडून पाहावी.

नांदेड-लातूरकडील आपल्या अनेक विद्यार्थ्यांची ही बोली घरचीच आहे. संशोधन करताना ती बाजूस ठेवावी लागते, हा समज त्यांनी सोडावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.