मेहरूणची बोर एकटी फळत नाही

पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो आणि जळगावचा रामरथ कार्तिकीला. या दोन रथांच्या मधल्या चार महिन्यांत बोरीच्या झाडाचं वर्षभराचं भवितव्य ठरून जातं. आषाढात छाटलेल्या खोडावर लुसलुशीत फांद्या सुटलेल्या असतात. कार्तिकात त्याच फांद्यांना वाटाण्याएवढी, कुठे सुपारीएवढी हिरवी फळं लागलेली दिसतात. मधल्या काळात, श्रावणापासून आश्विनापर्यंत, पानांच्या बगलेत फुलं येऊन जातात. हिरवट पिवळी, इतकी बारीक की रस्त्यानं जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत. मला कित्येक वर्षं ज्या कोड्यानं पछाडलं आहे, ते या फुलांत दडलेलं आहे.

कोडं मेहरूणच्या बोरांचं. जळगावकरांना ती काय चीज आहे हे सांगायला नको. संक्रांतीच्या सुगडात, बोरन्हाणाच्या लुटीत, शाळेच्या फाटकापाशी टोपलीत, कुठेही असली तरी ती ओळखू येतात : मध्यम आकाराची, लांबट, पातळ सालीची आणि गोड. फळशास्त्राच्या पुस्तकांत भारतातल्या बोरांच्या जातींची यादी असते. गोला, सेब, कैथली, उमराण, कडाका या नावांच्या रांगेत ‘मेहरूण’ हे नावही हमखास सापडतं. खानदेशातल्या एका तलावाकाठच्या गावाचं नाव असं देशभरच्या पुस्तकांत जाऊन बसलं. त्या गावाच्या जुन्या नोंदी मात्र पाण्याच्या आहेत. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाचा भाव चढला, जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली, आणि वाढत्या पेठेची तहान भागवायला मेहरूणच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. पुढे शहर त्याच दिशेनं सरकत गेलं. आज मेहरूणही महापालिकेच्या हद्दीत आहे आणि रेल्वेगेटपलीकडचं पिंप्राळाही.

बोरी कमी होत गेल्या याचं कारण घरं, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण ज्या बोरी उरल्या, त्यांनाही पूर्वीसारखं फळ धरत नाही, ही तक्रार जुन्या माणसांच्या तोंडून मी वारंवार ऐकली आहे. झाड तेच, जमीन तीच, मग फळ का नाही? पाणी, खत, छाटणी, कीड, सगळ्यांवर बोट ठेवून झालं. मी मात्र हळूहळू फुलांकडे वळलो.

त्याआधी छाटणीचं. पुस्तकं बोरीला सदाहरित म्हणतात. ओलाव्याच्या मुलखात ती तशी असेलही. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ती पानं टाकते आणि निपचित होते. ही तिची विश्रांती. याच वेळी, एप्रिलअखेर ते मे महिन्यात, तिच्यावर कुऱ्हाड आणि करवत चालवायची. बोरीला फळ येतं ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर. जुनी फांदी राखून ठेवली तर झाड वर वर जातं, काट्यांचं जाळं होतं आणि फळं बारीक व शेंड्याला लागतात. घराच्या अंगणातली बोर छाटायला लोकांचा जीव होत नाही, सावली जाईल म्हणतात. सावली पावसाळ्यात दुपटीनं परत येते. उन्हाळ्याच्या ऐन तापात उघडं पडलेलं ते ठोंबासारखं झाड पाहून शेजारी हळहळतात, पण बोरीला त्याचं काही वाटत नाही. तिचं सोटमूळ खोल गेलेलं असतं.

सोटमुळाचाच मुद्दा लागवडीत निर्णायक आहे. पिशवीत वाढवलेल्या रोपाचं मूळ तळाशी जाऊन वळतं आणि ते वळण झाडाला जन्मभर नडतं. म्हणून जुने जाणते जागेवरच बी लावायचे. जंगली बोरीच्या आठोळ्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या धुऊन खड्ड्यात लावायच्या. आठोळीचं कवच अलगद फोडून आतलं बी काढलं तर उगवण लवकर होते. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. मेहरूणचं बोर खाऊन त्याची आठोळी परसात पुरणाऱ्यांना मेहरूणची बोर मिळत नाही. मिळतं ते कुठल्यातरी दोन झाडांचं पोर, गोड निघालं तर नशीब. जात टिकते ती डोळ्यातून.

आता फुलांकडे. भारतातल्या बोरीवर वाचताना मला सारखा एका परक्या लेखाचा संदर्भ भेटू लागला. १९६७ साली इस्रायलच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात गलिल आणि झेरोनी या दोघांनी तो लिहिला. विषय आपली बोर नव्हे, तिची पश्चिम आशियातली बहीण, झिझिफस स्पायना-क्रिस्टी. यातले याकोव्ह गलिल हे मोठे विलक्षण गृहस्थ. त्यांचं नाव उंबराच्या कुळातल्या झाडांसाठी घेतलं जातं. इजिप्तकडे एका जातीचा उंबर आहे, त्याची कच्ची फळं झाडावरच चाकूनं चिरली की ती लवकर पिकतात. हजारो वर्षांच्या या युक्तीचा त्यांनी १९६८ मध्ये शास्त्रीय शोध घेतला. फळ आणि त्याच्याभोवती घोंघावणारे किडे यांच्या व्यवहारावर ज्यानं आयुष्य घातलं, तो माणूस बोरीच्या फुलापाशी थांबला यात नवल नाही.

त्यांनी जे पाहिलं ते असं. बोरीच्या या बहिणीत दोन प्रकारची झाडं असतात. दिसायला दोन्ही सारखी, फरक घड्याळाचा. पहिल्या प्रकारच्या झाडाची फुलं सकाळी उमलतात. उमलताना त्यातले पुंकेसर पराग देतात, स्त्रीकेसर मात्र अजून तयार नसतो. तो तयार होतो दुपारनंतर, पराग निघून गेल्यावर. दुसऱ्या प्रकारच्या झाडाची फुलं दुपारी उमलतात. त्यांचे पराग दुपारी, आणि स्त्रीकेसर तयार होतो दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे सकाळी पहिलं झाड देतं आणि दुसरं घेतं. दुपारी दुसरं देतं आणि पहिलं घेतं. एका झाडाची सगळी फुलं एका वेळी एकाच भूमिकेत असतात. अशा झाडाला एकट्यानं फळ धरणं जवळजवळ अशक्य.

आपल्या बोरीतही सकाळी उमलणाऱ्या आणि दुपारी उमलणाऱ्या अशा जाती आहेत, हे भारतीय फळसंशोधकांनी नोंदवलेलं आहे. त्याच्या जोडीला आणखी एक अडसर त्यांना आढळला : अनेक जातींना स्वतःचेच पराग चालत नाहीत. हातानं पराग लावले तरी फळ धरत नाही किंवा धरलेलं गळून जातं. त्यांना दुसऱ्या जातीचे परागच लागतात. ते आणतात मधमाश्या, गांधीलमाश्या, साध्या घरमाश्यासुद्धा. बोरीचं फूल देखणं नाही, पण त्याच्या मध्यावर मधुरसाची उघडी चकती असते, ती कुठल्याही माशीला पोचता येईल अशी. वाऱ्यानं हे काम होत नाही.

हे वाचल्यावर मेहरूणचं कोडं मला वेगळं दिसू लागलं. मेहरूण परिसरात पूर्वी फक्त मेहरूण जातीची झाडं नसणार. बांधावर, नाल्याकाठी, पडीक माळावर जंगली बोरी होत्या, आंबटगोड, बी जास्त आणि गर कमी असलेल्या. त्यांना कुणी विचारत नसे. पोरं त्यांची बोरं खिशात भरायची, काही वाळवून बोरकूट व्हायचं आणि काटेरी फांद्या कुंपणाला जायच्या. माझा तर्क असा की परागांचा मोठा पुरवठा या बिननावाच्या बोरींकडून होत होता. प्लॉट पाडताना सर्वांत आधी त्याच गेल्या, कारण त्या झुडूप समजल्या जातात, झाड नव्हे. अंगणातली नावाजलेली बोर मालकानं जिवापाड राखली, आणि तिच्याशी देवघेव करणारं मोहल्ल्यातलं दुसरं झाड मात्र उरलं नाही. असं झाड भाद्रपदात फुलांनी लगडतं आणि कार्तिकात रिकामं दिसतं. मालक औषध फवारतो. ते नेमकं फुलोऱ्यात फवारलं तर उरल्यासुरल्या माश्याही मरतात.

माशीचं म्हणाल तर एक माशी शत्रू आहे आणि तिची ओळख हवी. बोर फोडलं की आत पांढुरकी अळी दिसते, ती हिची. ॲकिले कोस्टा या इटालियन कीटकतज्ज्ञानं १८५४ मध्ये हिचं वर्णन केलं आणि नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरून तिला कार्पोमिया व्हेसुव्हियाना म्हटलं. फळ वाटाण्याएवढं असताना ती त्यात अंडी घालते. अळी गर खाऊन वाढते, फळाबरोबर खाली पडते आणि मातीत शिरून कोष करते. म्हणून खरी लढाई जमिनीवर आहे. पडलेली बोरं रोज वेचून नष्ट करायची आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उलटीपालटी करून कोष उन्हाला आणि पाखरांना द्यायचे. भुरीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गंधक. फवारणीची वेळ फुलोरा संपून फळ धरल्यानंतरची. एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

सरकारी धोरणानं बोरीला एकदा मोठा हात दिला होता. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना महाराष्ट्रात आली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी बोर लावली. लावली ती मुख्यतः उमराण : मोठं फळ, टिकाऊ, लांबच्या बाजाराला चालणारं. त्यात चूक नव्हती, दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांना तिनं हात दिला. पण त्या लाटेत स्थानिक जाती मागे पडल्या. २०१० नंतर थायलंडकडची ॲपल बोर आली. हिरव्या सफरचंदासारखं देखणं, पाणीदार, कुरकुरीत फळ. तिची चव मला फिकी वाटते आणि हे स्पष्ट लिहायला मला संकोच नाही. बोराला आंबट, तुरट आणि गोड यांचा जो झगडा हवा तो तिच्यात नाही. मेहरूणच्या बोरात तो आहे. पिवळ्यावर तांबूस झाक आली की त्या दोन-चार दिवसांत तो ऐन भरात असतो, आणि त्या दिवसांत ते फळ ट्रकमध्ये घालून लांब पाठवण्याजोगं राहत नाही. म्हणून ते गावातच खायचं फळ राहिलं, आणि म्हणूनच ते वाचवायचं कामही गावाचंच आहे.

हे काम फार खर्चाचं नाही. मेहरूण, शिरसोली रस्ता, पिंप्राळा, जिथे जिथे जुनी, खात्रीची मेहरूण बोर उभी आहे, तिथे मे महिन्यात तिची छाटणी करून घ्यावी म्हणजे जून-जुलैत डोळे भरायला नवी काडी मिळेल. शाळांच्या कुंपणाशी, तलावाच्या काठाने, स्मशानाच्या आणि मंदिरांच्या मोकळ्या जागेत जंगली बोरींवर ते डोळे भरावेत. सगळ्या जंगली बोरींवर भरू नयेत, मधूनमधून काही तशाच राहू द्याव्यात. ज्याच्या दारात एकच बोर आहे त्यानं त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचा डोळा भरून पाहावा. दुसरी जात निवडताना नाव विचारू नये, भाद्रपदात सकाळी आठला आणि दुपारी तीनला दोन्ही झाडांपाशी जाऊन फुलं कधी उमलतात ते पाहावं. आपली बोर सकाळची असेल तर दुपारी उमलणारी निवडावी, दुपारची असेल तर सकाळी उमलणारी.