अंतराळकथांना वाद्यवृंदाचा स्वर

कारंजा (घाडगे) : ऑर्केस्ट्रा हा शब्द उच्चारला की विदर्भातील गावोगावच्या रसिकांना गणेशोत्सवाचा मंडप आठवतो. निवेदक, दोन-तीन गायक, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि जुन्या हिंदी-मराठी गीतांची फर्माईश, असे त्याचे ठरलेले रूप. व्हायोलिन, चेलो, बासरी, फ्रेंच हॉर्न, ट्रम्पेट अशी वाद्ये घेऊन बसलेल्या ऐंशी-शंभर वादकांचा पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंद ही गोष्ट निराळी. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावी तो ऐकण्याची सोय नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'चे घर असलेले मुंबईचे एनसीपीए येथून रस्त्याने सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही हा आवाज येथील तरुणांच्या कानांना अनोळखी नाही. चित्रपटगृहात, दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाइलवर तो पोहोचला आहे. त्याची पहिली ओळख अनेकांना एखाद्या अंतराळयुद्धाच्या चित्रपटानेच करून दिलेली असते.

या चित्रपटांच्या पार्श्वसंगीतावर जगभरातील चाहते वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. 'स्टार वॉर्स'च्या नऊ मुख्य भागांपैकी कोणत्या भागाचे संगीत सरस, कोणती धून कोठून स्फुरली, तबकडीवरील संगीत आणि चित्रपटातील संगीत यांत फरक का, हे त्यांचे आवडते प्रश्न. वरवर पाहता हा छंदिष्टांचा उद्योग वाटेल. मात्र चित्रपट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे ज्याकडे लक्षही जात नाही अशा कलेचा हिशेब या वादांनी राखला आहे. त्या कलेशी मुंबईचा, गोव्याचा आणि रायगड जिल्ह्यातील एका गावाचाही संबंध आहे.

यंत्राचा आवाज की माणसांचा?

भविष्यकाळाची गोष्ट सांगायची तर संगीतही भविष्यातले हवे, असा विचार प्रथम झाला. १९५६ मधील 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटासाठी लुई आणि बीबी बॅरन या दाम्पत्याने स्वतः जुळवलेल्या विद्युत मंडलांतून नाद निर्माण केले. त्यात एकही पारंपरिक वाद्य नव्हते. श्रेयनामावलीत त्या निर्मितीला 'संगीत' न म्हणता 'इलेक्ट्रॉनिक नाद' म्हटले गेले.

१९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी नेमकी उलटी वाट धरली. '२००१ : ए स्पेस ओडिसी'साठी त्यांनी रिचर्ड स्ट्रॉस, योहान स्ट्रॉस, लिगेटी आदींच्या तयार रचना वापरल्या. अंतराळयानाच्या संथ गिरकीला त्यांनी एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाच्या वॉल्ट्झची साथ दिली. या चित्रपटासाठी अॅलेक्स नॉर्थ यांनी स्वतंत्र संगीत रचून ध्वनिमुद्रितही केले होते. ते वगळल्याचे त्यांना चित्रपट पाहतानाच कळले. पुढे १९९३ मध्ये संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी हे संगीत नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन ध्वनिमुद्रित केले, आणि पंचवीस वर्षे कोणी न ऐकलेली रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

मे १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या मनातही आधी अभिजात रचनांचाच वापर घोळत होता. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी त्यांची गाठ जॉन विल्यम्स यांच्याशी घालून दिली. विल्यम्स यांनी स्वतंत्र संगीताचा आग्रह धरला. त्यायोगे पात्रांच्या धून कथेबरोबर बदलत नेता येतील, हा त्यांचा मुद्दा होता. पडद्यावरचे ग्रह, यंत्रे आणि जीव प्रेक्षकांना अपरिचित असल्याने कानावर पडणारी भावना तरी ओळखीची हवी, अशी त्यामागील भूमिका होती. मार्च १९७७ मध्ये इंग्लंडमधील डेनहॅम येथील अॅन्व्हिल स्टुडिओत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने हे संगीत वाजवले. पुढील वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. २००५ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अमेरिकी चित्रपटांतील सर्वोत्तम पार्श्वसंगीताची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच संगीताला दिला.

धून आणि 'पकड'

विल्यम्स यांचे तंत्र मूळचे जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या ऑपेरांमधून प्रसिद्ध झालेले आहे. त्याला 'लाइटमोटिफ' म्हणतात. एखाद्या पात्राला, स्थळाला किंवा कल्पनेला छोटी धून जोडायची आणि प्रसंगानुरूप तिचे रूप पालटत राहायचे, ही त्याची रीत. शास्त्रीय संगीताच्या मराठी श्रोत्याला ते समजणे अवघड नाही. दोन-चार स्वरांच्या पकडीवरून जाणकार जसा राग ओळखतो, तसा या चित्रपटांचा चाहता दोन सुरांवरून पात्र ओळखतो. फरक एवढाच की, पकड रागाची ओळख पटवते, तर ही धून कथेचा धागा पुढे नेते.

डार्थ व्हेडर या खलनायकाचे सुप्रसिद्ध कूचगीत पहिल्या चित्रपटात नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ते १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये प्रथम आले. तेथे ते पितळी वाद्यांच्या गर्जनेतून येते. १९८३ च्या भागात व्हेडरच्या मृत्युसमयी तीच धून अगदी क्षीण होत हार्पच्या तारांवर विरते. १९९९ मध्ये व्हेडरचे बालपण पडद्यावर आले, तेव्हा त्या निरागस मुलासाठी विल्यम्स यांनी कोमल धून रचली आणि तिच्या शेवटी जुन्या कूचगीताची सावली ठेवली. हा मुलगा पुढे काय होणार, हे त्या क्षणी एकाही पात्राला ठाऊक नसते. संगीत मात्र ते सांगून जाते.

पहिल्या चित्रपटात तरुण नायक दोन सूर्यांचा मावळता प्रकाश पाहत उभा राहतो, त्या दृश्याची कथाही चाहते आवडीने सांगतात. त्या प्रसंगासाठी विल्यम्स यांनी आधी वेगळे संगीत लिहिले होते. लुकास यांच्या सूचनेवरून ते बदलले आणि फ्रेंच हॉर्नवरील आजची धून तेथे आली. १९९७ मध्ये निघालेल्या विस्तारित सीडीवर जुनी रचनाही उपलब्ध झाली. दोन्ही ऐकल्यावर एका निर्णयाने दृश्याचा अर्थ किती बदलतो, हे कोणासही पडताळता येते.

१९७७ आणि मुंबईचे धागे

'स्टार वॉर्स'चे संगीत चित्रपटगृहाबाहेर काढून मैफलीत नेण्याच्या कामी मूळ मुंबईकर असलेल्या झुबिन मेहता यांचा मोठा वाटा आहे. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले मेहता १९६२ ते १९७८ या काळात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये झुबिन मेहता यांनी हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर या संगीताची मैफल सादर केली. पाठोपाठ 'स्टार वॉर्स' आणि 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या दोन चित्रपटांच्या संगीताची त्यांची ध्वनिमुद्रिकाही आली. चित्रपटाचे संगीत म्हणजे दुय्यम, असे मानणाऱ्या अभिजात संगीताच्या वर्तुळात त्यामुळे चर्चेला तोंड फुटले.

यातील दुसऱ्या चित्रपटाचा महाराष्ट्राशी संबंध अधिक थेट आहे. परग्रहवासी आणि माणूस यांच्यातील संवाद पाच स्वरांच्या धुनेतून घडतो, ही स्पिलबर्ग यांच्या या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना. एका प्रसंगात भारतातील मोठा जनसमुदाय हीच धून गात असतो. ती कोठून आली, असे विचारताच शेकडो बोटे एकदम आकाशाकडे वळतात. कथेत हे स्थळ हिमालयातील धर्मशाळा आहे. चित्रीकरण मात्र आजच्या रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळील हाळ या गावी १९७७ च्या प्रारंभी झाले.

या पाच स्वरांसाठी विल्यम्स यांनी शेकडो पर्याय लिहून पाहिले होते. निवडलेली धून षड्जावर विसावत नाही, पंचमावर येऊन थांबते. त्यामुळे ती एखाद्या अपुऱ्या प्रश्नासारखी वाटते आणि ऐकणारा उत्तराची वाट पाहू लागतो. चित्रपटाच्या अखेरीस ते उत्तर येते, तेव्हा मानवाच्या बाजूने ओबो आणि यानाच्या बाजूने अजस्र ट्युबा बोलतो. विशेष म्हणजे त्या वर्षीच्या ऑस्करच्या शर्यतीत 'स्टार वॉर्स'समोर हेही संगीत होते. विल्यम्स यांची स्पर्धा विल्यम्स यांच्याशीच होती.

संस्कृतचा नाद

'स्टार वॉर्स'च्या १९९९ मधील भागात तलवारबाजीच्या अंतिम प्रसंगी ऐकू येणारे समूहगान संस्कृत शब्दांचे आहे, हे भारतीय प्रेक्षकांनाही बहुधा उमगत नाही. एका प्राचीन वेल्श काव्यातील ओळींचा संस्कृत अनुवाद करवून घेऊन विल्यम्स यांनी त्यातील अक्षरे नादासाठी वापरली. वाक्यरचना बाजूला राहिल्याने अर्थ लागत नाही. दीर्घ स्वरांचा घुमारा मात्र उरतो.

हा मोह केवळ त्यांनाच पडला असे नाही. २००३ च्या 'द मेट्रिक्स रिव्होल्युशन्स'मध्ये संगीतकार डॉन डेव्हिस यांनी उपनिषदांतील मंत्र समूहस्वरात बांधले. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आला. मंत्राचा अर्थ आणि प्रसंग यांचा मेळ बसतो काय, की भारतीय भाषेचा वापर केवळ गूढतेच्या रंगासाठी होतो, यावर येथील श्रोत्यांचे मत पाश्चात्त्य चाहत्यांपेक्षा वेगळे असू शकते.

उसनवारी आणि श्रेय

चाहत्यांच्या वादांतील सर्वांत जुना मुद्दा उसनवारीचा. 'स्टार वॉर्स'च्या शीर्षकधुनेवर एरिक कॉर्नगोल्ड यांच्या १९४२ मधील 'किंग्ज रो' चित्रपटाच्या संगीताची, तर युद्धप्रसंगांवर गुस्ताव्ह होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स'मधील मंगळाची छाया असल्याचे टीकाकार दाखवून देतात. समर्थकांचे उत्तर असे की, जुन्या साहसपटांचे वळण मुद्दाम घेतलेले होते. शिवाय दिग्दर्शक संकलनाच्या वेळी तात्पुरते म्हणून एखादे जुने संगीत दृश्यावर लावतात आणि नव्या संगीतकाराला त्या चौकटीजवळ राहावे लागते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. संगीतकाराने लिहिलेल्या आराखड्याचे प्रत्येक वाद्यासाठी सविस्तर लेखन करणारा वाद्यसंयोजक बहुधा अंधारात राहतो. पहिल्या 'स्टार वॉर्स'साठी हे काम हर्बर्ट स्पेन्सर यांनी केले; त्यांचे नाव चाहत्यांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

मुंबईतही वेगळे घडले नाही. हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनांचे ताफे आणि पितळी वाद्यांचा भरणा यांच्या मागे प्रामुख्याने गोव्यातून आलेले वादक व संयोजक होते. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तील गीतात गुरूंचे नाव गुंफले, तेही १९७७ मध्येच. ते गीत देशभर गाजले. पण त्यातील नाव खऱ्या वादकाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले. एका की-बोर्डवर पन्नास व्हायोलिनांचा आभास निर्माण होऊ लागला, तसे नव्वदच्या दशकात मुंबईतील मोठ्या ध्वनिमुद्रणांचे दिवस सरले आणि अनेक वादकांचे काम सुटले. हिंदीतील अंतराळकथांची मालिका म्हणता येईल अशी 'कोई... मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६) आणि 'क्रिश ३' (२०१३) ही चित्रत्रयी या बदलानंतरची आहे. पहिल्या भागात परग्रहाशी संपर्क साधण्यासाठी संगणकावरून 'ओम'चे स्वर पाठवले जातात. पाच स्वरांच्या त्या जुन्या कल्पनेशी असलेले त्याचे नाते सहज ध्यानात येते. या तिन्ही चित्रपटांच्या गीतांचे संगीतकार राजेश रोशन सर्वांना माहीत आहेत. 'क्रिश'चे पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे आहे, हे मात्र गाणी पाठ असणाऱ्यांनाही अनेकदा सांगावे लागते.

कान उघडे ठेवावेत

आपल्याकडे चित्रपटसंगीत म्हणजे गाणी, हे समीकरण पक्के आहे. त्यामुळे पार्श्वसंगीताची समीक्षा क्वचितच होते. पाश्चात्त्य चाहत्यांनी विस्तारित ध्वनिमुद्रिकांना मागणी दिली, वगळलेल्या रचनांची चौकशी केली, संयोजकांची नावे खणून काढली. त्यांचे सर्वच वाद मोलाचे असतात असे नव्हे. पण ऐकणारा मागणी करतो तेव्हाच मूळ फिती जपल्या जातात आणि वादकांच्या याद्या लिहिल्या जातात, हा त्यातून घेण्याजोगा धडा आहे. हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताला असा श्रोतृवर्ग अद्याप पुरेसा लाभलेला नाही.

त्याची सुरुवात करण्यासाठी संगीताच्या पदवीची गरज नाही. आवडत्या चित्रपटातील एखादा प्रसंग एकदा नेहमीसारखा पाहावा, दुसऱ्यांदा डोळे मिटून केवळ ऐकावा आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. प्रसंगातील भीती, आशा किंवा विरह यांपैकी कोणती गोष्ट अभिनेत्याची आणि कोणती वाद्यांची, हे आपोआप स्पष्ट होऊ लागते. चित्रपट संपल्यावर दिवे लागले तरी क्षणभर थांबून श्रेयनामावली वाचावी. गाण्यांच्या संगीतकाराच्या खाली लहान अक्षरांत पार्श्वसंगीत, संयोजन आणि वादक यांच्या नावांच्या ओळी सरकत असतात.