वाडा, गोठा व विहीर यांवरील राखणीचे कॅमेरे

पीक काढणीस आलें म्हणजे माळ्यावर राखण्या बसविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु आतां राखावयाची वस्तु नुसतें पीक राहिलेली नाहीं. विहिरीवरील मोटार, तिची तांब्याची केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, चाळींतील कांदा, गोठ्यांतील जनावरें, इतक्या ठिकाणीं एकाच वेळीं पहारा करणें कोणाही कुटुंबास शक्य नाहीं. म्हणून पुष्कळ शेतकरी कॅमेरे बसवूं लागले आहेत. मात्र विकत घेतांना बहुतेकजण नग किती व रुपये किती एवढेंच विचारतात. आणि चोरी झाल्यावर पडद्यावर एक काळी आकृति हालतांना दिसते, पण ती कोणाची हें सांगतां येत नाहीं. हा खर्च वायां जाऊं नये म्हणून निवड कोणत्या क्रमानें करावी, याचें थोडक्यांत विवेचन येथें केलें आहे.

१. हेतु. कोणी आलें एवढें कळावयास हवें, कीं आलेला मनुष्य कोण हें कळावयास हवें, याचा निर्णय प्रथम करावा. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रांत आडव्या ओळींत १९२० बिंदु असतात. अनोळखी मनुष्याचा चेहरा पटण्यास दर मीटर रुंदीस सुमारें २५० बिंदु लागतात, ओळखीचा मनुष्य ओळखण्यास १२५, व नुसती चाहूल लागण्यास २५ पुरतात, असें युरोपीय मानकांत धरलेलें आहे. यावरून हिशेब सोपा आहे. चेहरा पटवावयाचा तर चित्राची रुंदी साडेसात मीटरांहून अधिक नसावी. ओळखीच्या मनुष्यासाठीं १५ मीटर चालेल. चाहुलीसाठीं ७५ मीटरही चालतील. एकच कॅमेरा हीं तिन्ही कामें करील अशी अपेक्षा धरूं नये. फाटकावर अरुंद दृष्टीचा एक व अंगणावर रुंद दृष्टीचा एक, ही योजना चार रुंद कॅमेऱ्यांहून अधिक उपयोगी पडते.

२. भिंग. २.८ मिलिमीटरचें भिंग १०० अंशांहून अधिक रुंद पाहतें. परंतु त्यामुळें चेहरा पटण्याजोगें अंतर सुमारें ३ मीटरच राहतें. ६ मिलिमीटरचें भिंग सुमारें ५० अंश पाहतें व तेंच अंतर ८ मीटरपर्यंत जातें. विक्रेता बहुधा पहिलें भिंग देतो, कारण त्यांत सर्व वाडा दिसतो व गिऱ्हाईक खूष होतें. फाटकासाठीं दुसरें मागून घ्यावें. कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवर लावावा. फार वर लावल्यास केवळ टोपी दिसते. उगवतीचें वा मावळतीचें ऊन समोरून येईल अशी जागा टाळावी.

३. रात्र. काळोखांत कॅमेरा स्वतःच्या अवरक्त दिव्यांनीं पाहतो. हे दिवे डोळ्यांस अंधुक तांबडे दिसणारे व मुळींच न दिसणारे अशा दोन जातींचे असतात. दुसऱ्यांचा पल्ला कमी असतो. खोक्यावर ३० मीटर लिहिलें असलें तरी तेवढ्या अंतरावरचा मनुष्य ओळखूं येईल असा त्याचा अर्थ नव्हे. दिव्यापाशीं किडे जमतात व मागोमाग कोळी जाळें विणतो. म्हणून आठवड्यास एकदां काच पुसावी. मळणीच्या दिवसांत रोज पुसावी.

४. नोंद किती दिवस राहते ? चोरी पुष्कळदां दहा-बारा दिवसांनीं लक्षांत येते, विशेषतः मोटार बंद असण्याच्या काळांत. एक कॅमेरा सेकंदास २ मेगाबिट या गतीनें नोंद करीत असल्यास दिवसास सुमारें २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांस ८६. म्हणजे १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, व यंत्र जुन्या नोंदीवर नवी लिहूं लागतें. महिन्याची नोंद हवी असल्यास ३ टेराबाइटांच्या खालीं जाऊं नये. नोंदीचें यंत्र कुलुपांत ठेवावें. चोरानें तेंच नेलें तर सर्व गेलें.

५. वीज व तार. वाड्यापाशीं एकाच जाळ्याच्या तारेंतून वीज व चित्र दोन्ही नेणारी पद्धत सोईची आहे. पण अशी तार १०० मीटरांपलीकडे चालत नाहीं. दूरच्या विहिरीवर सौर पत्रा व सिम असलेला कॅमेरा लागतो. शेतीच्या फीडरची वीज पाळीनें येत असल्यानें तिच्यावर तो सोंपवूं नये. ५ वॅटचा कॅमेरा दिवसरात्र चालल्यास १२० वॅट-तास खर्च होतात. ढगाळ दोन दिवस निघावे म्हणून २४० वॅट-तास हवेत. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक उतरवूं नये, म्हणून १२ व्होल्टची ४० अँपियर-तासांची घ्यावी. सिम घेण्यापूर्वीं त्याच जागीं उभें राहून कोणत्या कंपनीचें नेटवर्क मिळतें तें पाहावें.

६. सुरक्षितता. केंद्र सरकारनें ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनें अशा कॅमेऱ्यांस माहितीच्या सुरक्षिततेच्या कसोट्या लावल्या व त्या एप्रिल २०२५ पासून अमलांत आल्या. म्हणून प्रमाणित माल मागावा व पक्की पावती घ्यावी. कारखान्यांतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. २०१६ सालीं मिराई नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरचे कॅमेरे ताब्यांत घेतले होते.

७. पुरावा. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीचा वाद कॅमेऱ्याच्या नोंदींवरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ यंत्र हजर न करतां नोंदीची प्रत द्यावयाची असल्यास कायद्यांतील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असें त्या न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं ठरविलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंही प्रमाणपत्र आहे; त्याचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो. म्हणून चोरी होतांच यंत्र बंद करून, त्यांत हात न घालतां, पोलिसांस दाखवावें. यंत्रांतील घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं हें दरमहा पाहावें. तासाभराचा फरकही उलटतपासणींत नडतो.

८. शेजारधर्म. शेजाऱ्याचें अंगण, पाणवठा वा स्त्रियांची न्हाणी चित्रांत येऊं देऊं नये. स्त्रीचें खाजगी वर्तन टिपणें भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालीं गुन्हा आहे. शिवाय बांधावरचें वैर चोरीहून महाग पडतें. गड्यांनाही कॅमेरा आहे हें सांगूनच तो लावावा.

कॅमेरा चोरास धरीत नाहीं. तो फक्त पाहतो व लक्षांत ठेवतो. चांगलें कुलूप, फाटकावरचा दिवा व जागा कुत्रा यांची जागा तो घेणार नाहीं. पैसा थोडा असेल तर फाटकावर एकच चांगला कॅमेरा व मोठी डिस्क घ्यावी, व बाकीचे पुढील सुगीस घ्यावे. बसविणाऱ्यास पैसे चुकते करण्यापूर्वीं अमावास्येच्या सुमारास घरच्याच मनुष्यास फाटकांतून आंत चालावयास लावावें व त्याचा चेहरा पडद्यावर पटतो कीं नाहीं तें पाहावें. पटला नाहीं तर कॅमेऱ्याची जागा वा भिंग तेव्हांच बदलून घ्यावें.