पालकाच्या सहीने

बँकेत असताना अज्ञान मुलांची कितीतरी खाती मी उघडली. खाते मुलाचे, सही पालकाची. मुलाला काही विचारण्याचा प्रश्नच नसे. अमेरिकन अभिनेत्री जेनेट मॅककर्डी हिचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचताना त्या सह्या आठवल्या. ‘आई गेली याचा मला आनंद आहे’ अशा अर्थाचे त्याचे नाव. ते वाचून प्रथम मी पुस्तक बाजूलाच ठेवले होते, हे प्रांजळपणे सांगतो.

आईला स्वतःला अभिनेत्री व्हायचे होते. ते राहून गेले, म्हणून सहाव्या वर्षी मुलीला कॅमेऱ्यापुढे उभे केले. घरी पैशाची ओढाताण. पुढे कुटुंबाची भिस्त या मुलीच्या मिळकतीवर राहिली. आईला कर्करोग होऊन गेलेला, त्यामुळे तिला दुखावण्याची कल्पनाही मुलीला सोसवत नसे. अकराव्या वर्षी वयात येण्याची चाहूल लागताच तिने आईला उपाय विचारला आणि आईने तिला अन्न तोडायला शिकविले. दोघी मिळून उष्मांक मोजीत. २००७ साली सुरू झालेल्या ‘आयकार्ली’ मालिकेत तिने साकारलेली सॅम मात्र खादाड होती, मुलांना हसविणारी!

२०१३ साली आई निवर्तली, पण आजार गेला नाही. भरमसाट खाणे आणि ओकून टाकणे सुरू झाले. आईचे वागणे हा छळ होता, असे समुपदेशिकेने सुचविताच जेनेटने उपचारच सोडले. पुस्तकातील हा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटला. कालांतराने ती पुन्हा उपचारांकडे वळली आणि अभिनयही तिने सोडला.

पैशापुरता कायदा आहे. कॅलिफोर्नियात बालकलाकाराच्या मिळकतीतील १५ टक्के रक्कम त्याच्यासाठी राखावी लागते. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जाते; काम दिवसाला पाच तासांहून अधिक नको, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध तर नकोच. ठेवीची पावती तपासता येते. इच्छा कोणी तपासावी? गाण्याच्या, नाचाच्या स्पर्धांसाठी मुलांना घेऊन गावोगाव फिरणारे पालक आपल्याही ओळखीत असतील. जेनेटला तर आईने विचारलेही होते. आईला कोणते उत्तर हवे आहे, हे सहा वर्षांच्या त्या मुलीने ओळखले आणि तेच दिले.