खाडीकाठचा एक दिवस: ठाणे ते दुर्गाडी

ठाण्याला उतरणारी बहुतेक माणसं स्टेशनाबाहेर येऊन रिक्षाच्या रांगेत उभी राहतात आणि घोडबंदर रोडकडे निघून जातात. जुनं ठाणं स्टेशनापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ते बघायला पाहुण्यांना घेऊन निघालो की मी आधी खाडीबद्दल बोलतो. देऊळ, किल्ला, चर्च, रेल्वे हे सगळं इथे आलं ते या पाण्याच्या वाटेमुळे. साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाडी जिथे अरुंद होते, तिथे ठाणं वसलं. ही जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात उत्तर कोकणाची नाकेबंदी.

स्टेशनावर फार रेंगाळायचं नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली गाडी ५७ मिनिटांत इथे पोहोचली. चौदा डबे, साहेब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं आणि चारशेच्या आसपास पाहुणे, हे शाळेतल्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या चाळीस वर्षांनंतर, १८९३ मध्ये, इथल्या लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. ते आजही चालू आहे आणि मला त्याचं मोल रेल्वेच्या विक्रमाइतकंच वाटतं.

सकाळी सकाळी जांभळी नाक्याला पोहोचावं. फुलवाल्या झेंडूच्या माळा ओवत असतात, पालेभाजीच्या जुड्यांवर पाणी मारणं चाललेलं असतं आणि हातगाड्यांमधून वाट काढत लोक कौपिनेश्वराच्या दर्शनाला निघालेले असतात. देवस्थान शिलाहारकाळापासूनचं मानतात. आजचं देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलं. गाभाऱ्यातलं भलंमोठं शिवलिंग पहिल्यांदा बघणारा माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. बिवलकरांचं नाव मात्र लक्षात ठेवा, संध्याकाळी लागेल. समोर मासुंदा तलाव. त्याच्या काठाशी पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तर टेंभी नाक्याकडे १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. रोज समोरून जाणाऱ्या कित्येक ठाणेकरांनी त्याचं फाटक ओलांडलेलं नसतं.

मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीवर ताव मारून पुढे ठाण्याच्या किल्ल्याकडे. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायचं. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधायला घेतला. काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, तो मराठ्यांनी जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. १७८७ मध्ये इथे खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट सापडला.

या भिंतीपाशी मी पाहुण्यांना थांबवून एक गोष्ट सांगतोच. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. एक मोतद्दार त्र्यंबकजींच्या खिडकीखाली रोज घोडा चोळायचा आणि चोळता चोळता गाणी म्हणायचा. पळून जायचा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचत होता. १८१६ च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी निसटले. पुढे १८२५ मध्ये ठाण्यातल्या सेंट जेम्स चर्चच्या विधीसाठी आलेल्या बिशप हेबरने ही हकीकत ऐकली आणि आपल्या रोजनिशीत गाण्यासकट नोंदवून ठेवली. मला ठाण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात जिवंत प्रसंग वाटतो.

याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं गेलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. इथे आलेल्या प्रत्येकाला भिंतीबाहेर उभं राहून हे वाचता यावं, असा ठळक फलक हवा.

दुपारी कल्याणची धीमी लोकल धरायची. ठाणं सोडलं की गाडी खाडी ओलांडते. कळवा गेल्यावर मुंब्र्याजवळ उजवीकडे डोंगर येतो, डावीकडे पाणी. दाराशी उभं राहणारे रोजचे प्रवासी मोबाइलमध्ये गुंतलेले असतात. तुम्ही मात्र बाहेर बघा, याच वाटेने एकेकाळी गलबतं कल्याणला जात होती. लोहमार्ग कल्याणला पोहोचला तो १ मे १८५४ रोजी. मध्ये डोंबिवली लागते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये या गावाने सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. पाडव्याला आलात तर फडके रोडवर उतराच.

कल्याण ठाण्याहून जुनं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातही हे बंदर येतं. गावात शिरल्यावर बिवलकरांचा धागा पुन्हा हाती येतो. ठाण्याचं देऊळ बांधवणाऱ्या या सुभेदारांचा वाडा कल्याणात होता आणि आजही ती जागा सुभेदारवाडा म्हणूनच ओळखली जाते. १८६४ मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय इथलंच. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी या गावात जन्मल्या.

दिवस कलायच्या आत दुर्गाडी किल्ल्यावर चढा. चढ लहान आहे. वर देवीचं देऊळ, खाली उल्हास नदीची खाडी. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराच्या उभारणीची सुरुवात या खाडीत झाली. दुपारी गाडीतून दिसलेलं पाणी ते हेच.

फेरीला रविवार बरा, कारण शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना असते. फक्त मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. जांभळी नाक्याला आठच्या आत पोहोचा, आणि मुलांना बरोबर न्या.