वरून पाहिलेलं नरडाणा

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की सोनगीर मागे पडल्यावर नरडाणा येतं. बसच्या खिडकीतून दिसतो तो फाटा, हॉटेलांच्या पाट्या, उभे ट्रक आणि पत्र्याची शेडं. हे गाव समजायचं तर वरून पाहावं. गूगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक सरकवता येतात.

जुन्या चित्रांत गाव सापडायलाच वेळ लागतो. त्या काळच्या लँडसॅट चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० बाय ३० मीटर, आपल्या हिशेबात जवळपास नऊ गुंठे. घर, विहीर, बांध सगळं त्यात विरघळून जातं. ओळखू येतात त्या रेषा: दक्षिणोत्तर मुंबई-आग्रा रस्ता, त्याला छेदणारा जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि उत्तरेला तापी. रस्ता आणि रेल्वे जवळ असल्यावर एमआयडीसी इथे आली यात नवल नाही. अलीकडच्या चित्रांत मातकट वावरांमध्ये पांढरे-निळे आयत उमटतात, ती कारखान्यांची छपरं. त्या आखीव भूखंडांशेजारी गावठाणाच्या वाकड्या बोळी लगेच वेगळ्या कळतात. सुलवाडे बॅरेजमागे तापीही रुंदावलेली दिसते.

मात्र इथे फसायला होतं. एप्रिलच्या चित्राशेजारी ऑक्टोबरचं लावलं की अख्खा शिंदखेडा तालुका हिरवागार झाल्याचा साक्षात्कार होतो. तो विकास नसतो, कपाशी असते! तुलना करायची तर महिना तोच हवा.

नजर पश्चिमेला नंदुरबारकडे नेली तर पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळपट, सरळसोट टेकड्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून तयार झालेले हे दगडी बांध. खालून त्या साध्या टेकड्या वाटतात. मैलोन् मैल टिकणारा त्यांचा सरळपणा वरूनच उमगतो.

आता आणखी एक रेषा येते आहे. धुळे-नरडाणा लोहमार्गाचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नरडाण्यावरूनच जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. लोहमार्ग काही शेताचे बांध पाहून वळत नाही. चौकोनी वावराचे त्रिकोणी तुकडे पडतात आणि त्या निमुळत्या कोपऱ्यात ट्रॅक्टर कसा वळवायचा, हे शेतकऱ्यानेच पाहायचं. चित्रात हे सगळं मुरमाच्या भरावाची फिकट पट्टी म्हणून दिसतं. ती शोधायची तर ऑक्टोबरचं चित्र काढावं; हिरव्या कपाशीत ती ठळक उठते, उन्हाळ्यातल्या उघड्या रानात सहज निसटते.